चार पत्रांना एक

१ फेब्रुवारी १८१२. मॅसॅच्युसेट्समधलं क्विन्सी गाव. ७६ वर्षांचा जॉन ॲडम्स फायरप्लेसजवळ बसला आहे, शेजारी त्याची मुलगी. गडी टपालातून पत्रांचा आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन येतो. वरच्याच एका पत्रावर शिक्का आहे: मिल्टन, २३ जानेवारी. मिल्टन हे लागूनचं गाव, तिथलं पोस्ट घरापासून जेमतेम तीन मैलांवर. ॲडम्स चक्रावतो. तीन मैल यायला पत्राला इतके दिवस? मग त्याची नजर पत्त्याच्या अक्षरावर जाते आणि तो पत्र मुलीच्या हातात देतो. हे जेफरसनचं अक्षर ना गं? ती निरखून बघते आणि म्हणते, दिसतंय तर तसंच. पण जेफरसनचं पत्र मिल्टनच्या पोस्टात पडेल कसं?

पत्र फोडलं, तर ते खरंच जेफरसनचं. व्हर्जिनियात, त्याच्या मॉन्टिचेलोजवळ, याच नावाचं आणखी एक गाव होतं. म्हणजे पत्र उशिरा आलेलं नव्हतं. पाचशेहून जास्त मैलांचा रस्ता तुडवून ते आठ-नऊ दिवसांत पोचलं होतं, आणि आता ॲडम्सला त्याचंच नवल वाटत होतं.

हा प्रसंग खुद्द ॲडम्सने दोन दिवसांनी जेफरसनला उत्तर लिहिताना असाच, एकेक पायरी करत लिहून काढला आहे. अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष तिसऱ्या अध्यक्षाला लिहितो आहे, अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर, आणि पत्राची सुरुवात कशाने, तर पोस्टाच्या शिक्क्याच्या घोळाने. मी हे पहिल्यांदा वाचलं ते रात्री साडेबाराला, मोबाईलवर, घरातले सगळे झोपल्यावर. आणि मला बाबांची फार आठवण आली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने २०१३ साली 'फाउंडर्स ऑनलाईन' नावाचं संकेतस्थळ सुरू केलं. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन या मंडळींची पत्रं आणि कागद तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. दीड लाखाहून जास्त कागद आहेत. मी इतिहासाची अभ्यासक नाही. एका भाषांतराच्या कामात एक तारीख तपासायला म्हणून तिथे गेले आणि मग गेली तीन वर्षं जातेच आहे. त्या सगळ्या पसाऱ्यात मी पुन्हा पुन्हा वळते ती याच दोघांकडे.

बाबांचं कारण सांगते. साताऱ्याला बाबांचे एक जिवलग मित्र होते. लग्नाआधी दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच शाळेत शिकवायचे. पुढे ते वाईला बदलून गेले, म्हणून आम्ही त्यांना वाईचे काका म्हणायचो. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं तेव्हा बाबा जामीन राहिले. हप्ते थकले, आणि एका महिन्यात बाबांच्या पगारातून पैसे कापून आले. बाबा भांडले नाहीत. त्यांनी बोलणंच बंद केलं. काकांनी पुढे दीड वर्षात सगळे पैसे फेडले, तरी अबोला सुटला नाही. बारा वर्षं.

अबोला हा शब्द आपल्याकडे किती सहज वापरतात. भांडणाला निदान आवाज असतो. अबोल्यात दोन्ही बाजू रोज एकच हिशेब करत बसतात: आधी कोणी बोलायचं?

ॲडम्स आणि जेफरसन १७७५ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, भेटले. ॲडम्स जेफरसनपेक्षा साडेसात वर्षांनी मोठा, ठेंगणा, बोलका, चटकन तापणारा. जेफरसन उंच, सभेत जवळजवळ गप्प राहणारा, कागदावर मात्र विलक्षण. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहायला जी पाच जणांची समिती नेमली, तिच्यात दोघं होते; लिहिला जेफरसनने, आणि सभागृहात त्याच्यासाठी कडाडून भांडला ॲडम्स. पुढे १७८५ पासून ॲडम्स लंडनला अमेरिकेचा राजदूत, जेफरसन पॅरिसला. तेव्हाची पत्रं वाचताना घरोबा म्हणजे काय ते कळतं. ॲडम्सची बायको ॲबिगेल जेफरसनकडून पॅरिसहून सामान मागवते, तो तिच्याकडून लंडनचं कापड मागवतो, आणि मग पैशांचे हिशेब पत्रांतून इकडून तिकडे जातात. १७८७ च्या उन्हाळ्यात जेफरसनची आठ वर्षांची मुलगी पॉली अटलांटिक ओलांडून एकटी लंडनला उतरली तेव्हा तिला जवळ घेतलं ते ॲबिगेलने. एकटी म्हणजे घरचं मोठं कुणी नव्हतं. सोबतीला १४ वर्षांची एक गुलाम मुलगी होती, सॅली हेमिंग्ज. तीन आठवड्यांत पॉली ॲबिगेलला इतकी बिलगली की निघताना तिच्या गळ्यात पडून रडली. हे रडणं लक्षात ठेवा, सतरा वर्षांनी ते पुन्हा येणार आहे.

मग राजकारण आलं. ॲडम्सला झुंडीची भीती वाटायची, जेफरसनला सत्तेची. फ्रान्सच्या क्रांतीवरून दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. त्यातच १७९१ मध्ये एक विचित्र गोष्ट घडली. कुणाकडून तरी वाचायला आलेली एक पुस्तिका जेफरसनने छापखान्याकडे पाठवली आणि सोबत चार ओळींची चिठ्ठी जोडली. आपल्याकडे हल्ली जे राजकीय पाखंड उगवलं आहे त्याला हे चांगलं उत्तर आहे, अशा अर्थाची. रोख ॲडम्सच्या लिखाणावर होता. छापणाऱ्याने ती खासगी चिठ्ठीच पुस्तिकेच्या सुरुवातीला छापून टाकली. जेफरसनने ॲडम्सला लांबलचक खुलासा लिहिला. खुलाशाने शब्द परत थोडेच येतात!

१७९६ ची निवडणूक ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ मतांनी जिंकला. त्या वेळच्या नियमाप्रमाणे दुसरा आलेला माणूस उपाध्यक्ष व्हायचा, म्हणजे हरलेला प्रतिस्पर्धी जेफरसन आता त्याचा उपाध्यक्ष. २८ डिसेंबरला जेफरसनने ॲडम्सला एक पत्र लिहिलं. अभिनंदनाचं, मनापासूनचं. ते थेट ॲडम्सकडे पाठवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अनेकदा करते. त्याने ते आधी आपल्या पक्षातल्या जेम्स मॅडिसनकडे पाठवलं: योग्य वाटलं तर पुढे धाडा. मॅडिसन हुशार आणि सावध. त्याने उत्तरात कारणांची यादीच दिली. उद्या आपल्या पक्षाला ॲडम्सच्या विरोधात उभं राहावं लागलं, तर या प्रेमळ पत्राची प्रत त्यांच्या हातात असेल, हे त्यातलं एक. मॅडिसनचं काहीच चुकलं नव्हतं, प्रत्येक कारण पटण्यासारखं आहे. पत्र गेलं नाही. ते जेफरसनच्या कागदांत राहिलं, आणि ज्याच्यासाठी लिहिलं होतं तो सोडून आता सगळं जग ते वाचू शकतं.

त्यानंतरची चार वर्षं मी भरभर ओलांडते. सरकारवर टीका करणं गुन्हा ठरवणारा कायदा ॲडम्सच्या सहीने झाला. ॲडम्सवर विखारी लिहिणाऱ्या कॅलेंडर नावाच्या लेखकाला जेफरसनने गुपचूप पैसे पोचवले. १८०० ची निवडणूक ॲडम्स हरला. जाता जाता त्याने न्यायाधीशांच्या आणि अधिकाऱ्यांच्या जागा आपल्या माणसांनी भरून टाकल्या आणि ४ मार्च १८०१ ला, शपथविधीच्या दिवशी, पहाटे चारच्या घोडागाडीने वॉशिंग्टन सोडलं. जेफरसनला शपथ घेताना बघायला तो थांबला नाही. त्याच हिवाळ्यात त्याचा तिशीतला मुलगा चार्ल्स वारला होता. जेफरसनने चुकून आपल्याकडे आलेलं एक पत्र ॲडम्सकडे पाठवलं. त्याला उत्तर देताना ॲडम्सने या मुलाबद्दल लिहिलं आहे, एके काळी माझ्या डोळ्यांचा आनंद असलेला माझा मुलगा, असं. २४ मार्च १८०१ चं हे पत्र. त्यावर सांत्वनाचा शब्द आला नाही. आणि मग काहीच नाही.

मधल्या काळात फक्त एकदा कोणीतरी दार ढकललं, ते ॲबिगेलने. एप्रिल १८०४ मध्ये पॉली वारली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी. ॲबिगेलने वर्तमानपत्रात वाचलं. जेफरसन आता अध्यक्ष, नवऱ्याला हरवून त्या जागी बसलेला. तिने काही दिवस हात आवरला, आणि २० मेला लिहिलंच. लंडनमध्ये पॉली कशी गळ्यात पडून रडली होती, आत्ता कुठे मी तुमच्यावर माया करायला शिकले तर मला का ओढून नेतात असं म्हणाली होती, ते सगळं त्यात आहे. पण खाली सही करताना तिने जे लिहिलं ते वाचून मी थांबले: जिला एके काळी स्वतःला तुमची मैत्रीण म्हणवून घ्यायला आनंद वाटायचा, ती. एके काळी. मेलेल्या मुलीसाठी रडणाऱ्या पत्रातही तिने हिशेब पुरता पुसला नाही, आणि तरी पत्र पाठवलं. यासाठी मला ही बाई फार आवडते.

जेफरसनने उत्तरात चूक केली. आभार मानले, मैत्रीबद्दल छान लिहिलं आणि मग म्हणाला, ॲडम्सच्या एकाच गोष्टीने मला वैयक्तिक दुःख झालं, त्या शेवटच्या नेमणुका. झालं. ॲबिगेलने कॅलेंडरचं प्रकरण काढलं. तो माणूस नंतर जेफरसनवरच उलटला होता. सॅली हेमिंग्जचा आणि जेफरसनचा संबंध छापून आणणारा तोच. ॲबिगेलने लिहिलं, तुम्ही ऊब देऊन वाढवलेला सापच तुम्हाला डसला. मेपासून ऑक्टोबरपर्यंत सात पत्रं झाली आणि दार पुन्हा बंद झालं. नोव्हेंबरमध्ये तिने ती सगळी नवऱ्याला वाचायला दिली. त्याने वाचली आणि शेवटच्या प्रतीखाली टिपण केलं: हा सगळा पत्रव्यवहार मला कळू न देता सुरू झाला आणि चालला. काल रात्री आणि आज सकाळी मिसेस ॲडम्सच्या इच्छेवरून मी तो वाचला. या घडीला, या जागी, मला त्यावर काही म्हणायचं नाही. खाली सही.

आमच्या घरीही एक ॲबिगेल होती. आई दर संक्रांतीला तिळगुळाचं छापील कार्ड आणायची, पाकिटात कागदाच्या पुडीत हलव्याचे पाच-सात दाणे घालायची आणि वाईच्या काकूंना पाठवायची. काकूंकडूनही तसंच पाकीट यायचं. पोस्टमनकडून ते घ्यायचे बाबाच. पाकीट बोटांनी चाचपायचे, आतले दाणे हाताला लागायचे, आणि ते न फोडता रेडिओशेजारी ठेवून द्यायचे. बारा वर्षांत त्यांनी आईला एका शब्दाने विचारलं नाही, आणि ते पाकीट कधी पडून हरवूही दिलं नाही.

ॲडम्स-जेफरसनचा अबोला सोडवला फिलाडेल्फियाच्या डॉक्टर बेंजामिन रशने. दोघांचा मित्र, जाहीरनाम्यावर सही करणारा. १८०९ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने ॲडम्सला एक स्वप्न लिहून पाठवलं: स्वप्नात माझा मुलगा इतिहासाचं पुस्तक वाचतोय, आणि त्यात लिहिलंय की ॲडम्सने जेफरसनला पत्र लिहून मैत्री पुन्हा जोडली, दोघं पुढे अनेक वर्षं लिहीत राहिले आणि जवळजवळ एकाच वेळी जग सोडून गेले. ॲडम्सला स्वप्न आवडलं. तो म्हणाला, हा इतिहास नाही, भविष्य असेल कदाचित. पण लिहिलं मात्र काहीच नाही. आणखी दोन वर्षं गेली. १८११ च्या उन्हाळ्यात व्हर्जिनियाची दोन तरुण भावंडं क्विन्सीला आली. त्यांच्याशी बोलताना ॲडम्सच्या तोंडून निघून गेलं, माझं जेफरसनवर कायम प्रेम होतं आणि अजून आहे. ते वाक्य मॉन्टिचेलोला पोचलं. जेफरसनने रशला कळवलं, मला एवढं पुरे आहे.

मग १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने लिहिलं. छोटंसं पत्र. अकरा वर्षांबद्दल त्यात अवाक्षर नाही. नेमणुका नाहीत, कॅलेंडर नाही, पहाटेची घोडागाडी नाही. तुम्ही देशी मालाचे चाहते, म्हणून आमच्याकडे नुकतेच तयार झालेले घरगुती विणीचे दोन नग टपालाने पाठवतोय, एवढंच. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं. तेव्हा इंग्लंडशी व्यापार अडलेला, घरोघर सूत कातणं हा अभिमानाचा विषय. जेफरसनला वाटलं कापडाचे तुकडे येताहेत. त्याने २१ जानेवारीच्या उत्तरात व्हर्जिनियातल्या कताई-विणाईवर मनापासून लिहिलं. मग पुडकं आलं, आणि आत निघाले पुस्तकाचे दोन खंड: ॲडम्सचा मुलगा जॉन क्विन्सी याने हार्वर्डमध्ये दिलेली वक्तृत्वकलेवरची व्याख्यानं. पॅरिसच्या दिवसांत जेफरसनने त्या मुलाचे लाड केले होते. बापाने ते सांगितलं होतं, पण कोड्यात. जेफरसनने लगेच दुसरं पत्र लिहून आपली चूक कबूल केली.

पण त्या कताईच्या मजकुरापाशी मी अडखळते. मॉन्टिचेलोत सूत कातायचं कोण? जेफरसनच्या शेतीच्या वहीत नियम आहे: गुलामांच्या मुलांनी दहा वर्षांपर्यंत तान्ही मुलं सांभाळायची, दहा ते सोळा या वयात मुलग्यांनी खिळे करायचे आणि मुलींनी सूत कातायचं. आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं त्याच्या मालकीची होती. ॲडम्सने एकही गुलाम कधी ठेवला नाही. जगातल्या यच्चयावत विषयांवर लिहिणाऱ्या या दोघांनी या एका विषयाला हात घातला तो क्वचित, आणि लांबूनच. मिसूरी या नव्या राज्यात गुलामी असू द्यायची का या वादानंतर, १८२१ मध्ये, जेफरसन विचारतो की आमच्या गुलामांच्या हाती स्वातंत्र्य आणि सोबत खंजीर द्यायचा का. ॲडम्स लिहितो की हा काळा ढग मला अर्धं शतक या देशावर दिसतो आहे, पण मी दक्षिणेच्या लोकांना नेहमी सांगत आलो की हे मी तुमच्यावर सोडतो. मैत्री टिकवायची म्हणून काही विषय न काढणं मी समजू शकते, आम्ही सगळेच करतो. पण इथे न काढलेला विषय म्हणजे दहा वर्षांच्या मुली होत्या. या पत्रांवर माझा कितीही जीव असला तरी हे मला सोडून देता येत नाही.

१८१२ ते १८२६ या काळातली १५८ पत्रं आज उपलब्ध आहेत. त्यातली १०९ ॲडम्सची, ४९ जेफरसनची. हा आकडा कळला त्या दिवशी मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. दुप्पट नाही, दुपटीहून जास्त. जेफरसन आळशी नव्हता. त्याच्याकडे जगभरातून टपालाचा पूर यायचा. त्याने एकदा मोजून ॲडम्सला कळवलं होतं की १८२० या एका वर्षात आलेली पत्रं १,२६७ आहेत, आणि कित्येकांना अभ्यास करून उत्तर द्यावं लागतं. तो लिहायचा तेव्हा दोन लेखण्या जोडलेल्या यंत्रावर लिहायचा. एक लेखणी हलली की दुसरी शेजारच्या कागदावर तेच अक्षर काढायची. हे लोक खासगी पत्राचीही नक्कल ठेवायचे, कारण छापखान्याने पोळलेले होते. वॉशिंग्टनच्या बायकोने, मार्थाने, नवऱ्याशी झालेली पत्रं जाळून टाकली. जेफरसननेही आपल्या बायकोची जाळली. ॲडम्सच्या घरात मात्र काहीच फेकलं जायचं नाही. जॉन आणि ॲबिगेलची हजाराहून जास्त पत्रं आजही बॉस्टनला आहेत.

तर, १०९ आणि ४९. १८१३ च्या उन्हाळ्यात पुन्हा एकदा जुनं पत्र छापून आलं. जेफरसनने पूर्वी एका तिसऱ्याच माणसाला लिहिलेलं, ॲडम्सबद्दल कडवट. ॲडम्स दुखावला, खवळला आणि लिहीत सुटला. आठवड्यात दोन-दोन पत्रं. जेफरसनचं एक उत्तर येईपर्यंत याची तीन-चार झालेली. १५ जुलैच्या पत्रात तो म्हणतो: मी तुमच्या एका पत्राला चार लिहिली तर मनावर घेऊ नका, तुमचं एक माझ्या चारांहून मोलाचं आहे. आणि त्याच पत्रात ते प्रसिद्ध वाक्य आहे: आपण एकमेकांना आपलं म्हणणं उलगडून सांगितल्याखेरीज मरता कामा नये.

दुसरं वाक्य सगळे सांगतात. मला पहिलं मोठं वाटतं. उलगडून सांगणं पुढे किती झालं? काही झालं, काही नाही. माणसांतली खरी श्रेष्ठता गुण आणि बुद्धी यांची, असं जेफरसन म्हणाला. ॲडम्स म्हणाला, सौंदर्य, पैसा, घराणं, बुद्धी आणि सद्गुण असे पाच खांब आहेत, आणि पहिल्या तिघांतला कुठलाही एक शेवटच्या दोघांना केव्हाही आडवा करतो. यावर एकमत झालं नाहीच. पण ज्या माणसाने आयुष्यभर मानापमान मोजले, आपल्याला श्रेय मिळत नाही म्हणून जो उघडपणे झुरायचा, तो ॲडम्स म्हातारपणी पत्रं मोजायची सोडून देतो. माझ्या चारांना तुमचं एक आलं, ठीक आहे. मी पाचवं लिहितो. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवरून, आधी कोणी फोन केला यावरून घरं तुटतात. ते वाक्य माझ्या आतवर जातं ते त्यामुळे.

आणि काय काय लिहिलं आहे त्या पाचव्या पत्रांत! १८१३ च्या नाताळच्या दिवशी ॲडम्स हिंदूंच्या शास्त्रातला उतारा देतो: ईश्वर एक आहे, सर्वांचा कर्ता आहे, त्याला आदि नाही, अंत नाही. आणि जेफरसनला विचारतो, यापेक्षा सखोल तत्त्वज्ञान कुठे सापडेल? ७८ वर्षांचा माणूस, बर्फातलं घर, आणि नाताळच्या दिवशी मनात आपला ईश्वर. १८१५ मध्ये जेफरसनने आपली ६,४८७ पुस्तकं काँग्रेसला विकली आणि ॲडम्सला कळवलं की पुस्तकांशिवाय मला जगता येत नाही. लगेच नवी घ्यायला सुरुवातही केली. १८१६ मध्ये ॲडम्सने विचारलं, तुमची सत्तर वर्षं पाळण्यापासून पुन्हा जगाल का? जेफरसन म्हणाला, हो, जग एकंदरीत चांगलंच आहे. मात्र त्यालाही एक प्रश्न होता: बाकी सगळ्या भावनांचा काहीतरी उपयोग दिसतो, पण दुःखाचा काय?

त्याचं उत्तर १८१८ मध्ये समोर उभं राहिलं. २० ऑक्टोबरला ॲडम्सने लिहिलं की चोपन्न वर्षांची माझी सहचारिणी शेवटच्या घटका मोजते आहे, तिने बोलायचं नाही आणि तिच्याशी कुणी बोलायचं नाही अशी वैद्याची ताकीद आहे. आठ दिवसांनी ॲबिगेल गेली. जेफरसनला बातमी वर्तमानपत्रातून कळली. १३ नोव्हेंबरचं त्याचं पत्र अगदी थोडक्यात आहे. बायको आणि सहापैकी पाच मुलं गमावलेला माणूस लिहितो की या शाळेत मीही शिकलो आहे. काळ आणि मौन हेच औषध. शब्द निकामी आहेत म्हणून मी जास्त लिहीत नाही. १८०१ मध्ये चार्ल्ससाठी जे लिहायचं राहिलं होतं, ते मला या पत्रात सापडतं.

१८२३ मध्ये शेवटची परीक्षा झाली. अबोल्याच्या काळात ॲडम्सने एका नातेवाइकाला जेफरसनबद्दल जे वाईटसाईट लिहिलं होतं, ते त्या नातेवाइकाच्या मुलाने छापून टाकलं. जॉन क्विन्सी अध्यक्षपदाच्या शर्यतीत होता, त्याला पाडायला. म्हातारा ॲडम्स हादरला असणार. १२ ऑक्टोबरला मॉन्टिचेलोहून पत्र निघालं: या वयात आपण मागे जाऊन विसरलेल्या, नाहीतर काल्पनिक गोष्टी उकरून काढायच्या आणि आयुष्याची संध्याकाळ गोड करणारी माया ढवळून टाकायची, हे विचित्रच होईल. ॲडम्सची नजर गेलेली. त्याने ते न्याहारीच्या टेबलावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतलं. वाचून संपताच घरातले सगळे एकदम म्हणाले, आजवर लिहिलेल्या पत्रांत हे सर्वांत सुंदर! त्या ४९ पैकी हे एकच पत्र असतं तरी चाललं असतं.

बाबा गेल्यावर त्यांच्या शाळेच्या डायरीत मला एक निळं आंतरदेशीय पत्र मिळालं. वर वाईच्या काकांचा पूर्ण पत्ता, पिनकोडसकट, बाबांच्या वळणदार अक्षरात. आत उजवीकडे तारीख, मग 'प्रिय' आणि काकांचं नाव, मग 'स. न. वि. वि.' आणि खाली अख्खा कागद कोरा. तारीख जानेवारीतली. साल बघितल्यावर आई म्हणाली, त्या वर्षी माझं ऑपरेशन झालं होतं, संक्रांतीचं पाकीट राहून गेलं होतं.

मी ते पत्र घेऊन वाईला गेले. काका तेव्हा ऐंशीच्या पुढचे. ओसरीवर बसून त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग पत्ता मोठ्याने वाचला, शेवटच्या आकड्यापर्यंत. म्हणाले, "पिनकोड बरोबर आहे." आणि विचारलं, ठेवू का हे माझ्याकडे? मी हो म्हटलं.

४ जुलै १८२६ ला, जाहीरनाम्याला पन्नास वर्षं झाली त्याच दिवशी, दोघं गेले. जेफरसन दुपारी, ॲडम्स संध्याकाळी. ही गोष्ट बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेली असते. मला त्याच्या आधीच्या वसंतातली दोन पत्रं जास्त जवळची वाटतात. २५ मार्चला जेफरसनने लिहिलं, माझा नातू बॉस्टनला येतोय, त्याला तुम्हाला भेटायचंय. म्हातारपणी हिवाळ्याच्या रात्री पोरांना सांगायला हवं ना त्याला, की त्या वीरांच्या काळातलं कोण कोण आपण डोळ्यांनी पाहिलं. नातू आला, भेटून गेला. १७ एप्रिलला ॲडम्सने उत्तर पाठवलं. नव्वदीचा माणूस, अंध, हात थरथरणारे. त्याने लिहिलं की तुमच्या नातवाला बघून फार आनंद झाला, पण तुम्ही व्हर्जिनियाचे लोक सगळे बायबलातल्या राक्षसांचे वंशज कसे काय? त्याच्याशेजारी आम्ही न्यू इंग्लंडवाले अगदी बुटके दिसतो. सरकारी कारभार नेहमीसारखाच चाललाय: अखंड लबाडी, आणि वैयक्तिक शिवीगाळ पूर्वीपेक्षा जरा जास्त.

हे त्याचं १०९ वं.